दुधी देऊन केलेला सत्कार

सत्काराची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करून टाकते. ऑफिसात तिचं श्रेय घ्यायला बरेच जण पुढे यायचे. एका सोमवारनंतर त्यांतला एकही उरला नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. गुडगावात काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या, पण दोन इमारतींच्या मध्ये अजून मोहरीची शेतं होती आणि आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी म्हशी बसायच्या. वीज दिवसातून चार वेळा जायची, मग जनरेटर घरघरायचा. आत मात्र मशीन तापू नयेत म्हणून एसी इतका थंड, की मे महिन्यातही आम्ही स्वेटर घालून बसायचो. आम्ही अकरा जण कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. माल किती आला, कोण कुठल्या पाळीत आहे, कुणाला न्यायला कुठली बस, असली कामं. सगळेच पंचविशीच्या आसपासचे, त्यामुळे आपण किती हुशार आहोत ते दाखवायची प्रत्येकाला घाई. दहा ओळींत होणारं काम साठ ओळींत करायचं, तेही असं गुंतवून की दुसऱ्याने वाचताना डोकं धरून बसावं. लिहिणारा लग्नाला म्हणून गावी गेला की त्याच्या प्रोग्रामला हात लावायची कुणाची छाती नसायची. यात मी मागे नव्हते. उलट दोन पावलं पुढेच असेन.

आमची टीम लीडर जालंधरची होती. तिला ओरडायला आवडायचं नाही, त्यामुळे ती युक्त्या काढायची. पहिली युक्ती अशी, की एक कप चहा संपेपर्यंत आपला प्रोग्राम शेजारच्याला समजावता आला नाही तर तो पुन्हा लिहायचा. लोक चहा इतका हळू प्यायला लागले की कपावर साय धरायची. मग तिने जाहीर केलं, की ज्याचा प्रोग्राम सगळ्यात किचकट, त्याने आठवडाभर एसीच्या थेट झोताखालच्या खुर्चीवर बसायचं. ही मात्रा जरा लागू पडली. पण सर्दी-खोकल्याच्या रजा वाढल्या, तेव्हा आमच्यातल्या एका पानिपतच्या मुलाने घरून एक घोंगडीसारखं जाड कंबल आणून त्या खुर्चीवर टाकलं. त्याच्या वडिलांचा हातमागाचा कारखाना होता. मरून रंग, मधोमध विणलेली दोन हरणं, त्यांतल्या एकाला पाय तीनच. विणताना चूक झाली म्हणून ते विकलं गेलं नव्हतं. पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा त्याने ते अदबीने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "लो जी. पिछली बार आप लोग बिना कंबल के आए थे."

पानिपतवरून मला कुणी ना कुणी चिडवायचंच, त्याची मला सवय होती. पण हा टोला मात्र मनापासून आवडला. मी ते कंबल खांद्यावर पांघरलं आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, की ही तर शाल!

माझा जन्म दिल्लीचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. घरचं मराठी जेमतेम टिकलेलं. पण एक मराठी गोष्ट मी लहानपणापासून डोळे भरून पाहिली होती, ती म्हणजे मंडळातले सत्कार. गणपतीत आमच्या मंडळात ज्याने सतरंज्या घातल्या त्याचाही सत्कार व्हायचा आणि ज्याने त्या उचलल्या त्याचाही. शाल, श्रीफळ, दोन शब्द. मी लीडरला म्हटलं, शिक्षा कशाला, आपण सत्कार करू. महिन्यातला सर्वांत किचकट प्रोग्राम लिहिणाऱ्याला उभं करायचं, खांद्यावर कंबल टाकायचं, नारळ द्यायचा आणि त्याच्या प्रोग्रामची तोंड भरून स्तुती करायची. तिला हे इतकं आवडलं की ती खुर्चीत मागे रेलून हसली. नारळ आणायला म्हणून जो बाजारात गेला, तो दुधी घेऊन आला. म्हणाला, "नारियल नहीं था, लौकी ताज़ी थी।" तेव्हापासून दुधीच.

भाषण माझ्याकडे. दूरदर्शनच्या बातम्यांसारख्या शुद्ध हिंदीत मी गौरव करायची आणि लोक टेबलं बडवायचे. दोन सत्कार झाले, आणि खरंच सांगते, प्रोग्राम सुधारले. रागावण्यापेक्षा दुधीची भीती जास्त निघाली.

मग काका आले.

काका मयूर विहारला आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. सव्वीस वर्षं एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये होते. तिथलं कपाटाएवढं जुनं मशीन भंगारात निघालं, माणसांना इकडेतिकडे फाइली लावायला बसवलं, तेव्हा बावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सोसायटीत सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. सरकारी नोकरी कुणी सोडतं का, यार! आमच्याकडे माणूस हवाय हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांच्या नावाची शिफारसही मीच केली होती. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. त्यांच्या अर्ध्या वयाच्या पोरांमध्ये ते पँटमध्ये शर्ट नीट खोचून, डबा आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन येऊन बसायचे. आम्ही एकाच चार्टर्ड बसने जायचो. निजामुद्दीनच्या पुलापासून धौला कुआंपर्यंत ते मला नव्या मशीनबद्दल प्रश्न विचारायचे आणि उत्तरं डायरीत लिहून घ्यायचे. त्यांना परत नोकरदार व्हायचं नव्हतं. आपल्याला अजून येतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पहिलं काम म्हणून त्यांना मानेसरच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या बसच्या याद्या दिल्या. पाळी सुटली की कोण कुठल्या बसने घरी जाणार, ते प्रोग्रामने ठरवायचं. फाटकावरचा गार्ड यादीत नाव असेल त्यालाच बसमध्ये चढू द्यायचा. काका तीन आठवडे रोज मानेसरला जायचे, त्यामुळे आमचा तिसरा सत्कार त्यांनी पाहिलाच नाही. परत आल्यावर त्यांनी सतरा पानांचा प्रोग्राम लिहिला.

लीडरने आणि आणखी दोघांनी तो वाचायला घेतला आणि संध्याकाळी कपाळ चोळत माझ्याकडे आले. एकेका अक्षरात तीन-तीन गोष्टी कोंबलेल्या, उड्या मारत पुढे जाणारा, मधूनच मागे फिरणारा. त्या महिन्याच्या सत्काराला दुसरा उमेदवारच नव्हता. काकांना हा सगळा प्रकार माहीत नाही, हे माझ्या मनात आलं का? आलं होतं. पण त्यांना गंमत कळेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की भाषण छान जमलं होतं आणि मला ते करायचं होतं.

शुक्रवारी जेवणानंतर सगळे जमले. पानिपतवाल्याने काकांच्या खांद्यावर कंबल घातलं, लीडरने दुधी दिला आणि मी सुरू झाले. म्हटलं, हा प्रोग्राम मानेसरला जायला निघतो, छत्री विसरली म्हणून परत येतो, छत्री घेऊन निघतो तर चष्मा विसरल्याचं आठवतं, पुन्हा परत येतो. त्या छत्रीवर सगळ्यात मोठा हशा मिळाला. काकाही हसत होते. मग टाळ्या थांबल्या आणि ते बोलायला उभे राहिले. आजवर कुणी उलट भाषण केलं नव्हतं.

"छब्बीस साल नौकरी किया," ते त्यांच्या मराठी हिंदीत म्हणाले. "जो भी लिखा, वो सीधा फाइल में गया। किसी ने पढ़ा नहीं। आज पहली बार किसी ने इतना ध्यान से पढ़ा। मैं आप सब का आभारी हूँ।" एवढं बोलून त्यांनी दुधी कपाळाला लावला.

मी लीडरकडे पाहिलं. तिने क्षणभर डोळे मिटले आणि मग सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मागोमाग आम्हीही वाजवल्या. कुणीही हसलं नाही. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, भोळा आहे. मला मात्र नेमकं कळलं होतं काय झालं ते. पंजाब्याच्या खांद्यावर कंबल टाकलं तर ते कंबलच असतं. मराठी माणसाच्या खांद्यावर टाकलं की तो ताठ उभा राहतो. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं आणि तरीही मी ते केलं होतं.

सोमवारी काका स्टीलचा मोठा डबा घेऊन आले. काकूंनी त्या दुधीचा हलवा केला होता, वेलची घालून, सगळ्यांसाठी. "सत्काराचा दुधी, भाजी कशी करणार?" काकू म्हणाल्या होत्या म्हणे. "गुडगावात नारळ कुठून मिळणार बिचाऱ्यांना!" अकरा जणांनी खाली मान घालून हलवा खाल्ला. फार छान झाला होता.

इथवर ही फक्त लाजेची गोष्ट होती. पुढच्या आठवड्यात ती काळजीची झाली. कौतुक झालेल्या माणसाने जे करावं तेच काका करत होते. ते प्रोग्राम आणखी गुंतवत होते. सतरा पानांची एकवीस झाली. रोज माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगायचे, "अगं, अजून एक गंमत केलीये त्यात. तुला आवडेल." गुरुवारी लीडरने मला बाहेर जिन्यात बोलावलं. येत्या बुधवारी कंपनीचे मोठे साहेब स्वतः बसून काकांचं काम बघणार होते, आणि प्रोबेशनचा निर्णय त्यावरच होता. "ऐसा ही रहा तो मैं नहीं बचा पाऊँगी," ती म्हणाली. "मैं बोलूँगी तो लगेगा, बॉस बोल रहा है। तू बोल। सत्कार तूने शुरू किया था।"

शुक्रवारी बसमध्ये मी दोनदा तोंड उघडलं. एकदा मागच्या सीटवरच्या पत्तेवाल्यांनी डाव जिंकून आरडाओरडा केला. दुसऱ्यांदा अडथळा काहीच नव्हता, तरी मी रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलले.

बुधवार नीट पार पडला, काकांची नोकरी कायम झाली आणि पुढे आठ वर्षं ते आमच्याबरोबर होते, हे आत्ताच सांगते. वाचणाऱ्याला उगाच टांगणीला लावायचं मला आवडत नाही. मला सांगायचंय ते त्याआधीच्या रविवारचं.

रविवारी काकूंनी जेवायला बोलावलं होतं. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. दिवाणावर सत्कारात मिळालेलं ते कंबल नीट चौघडी करून ठेवलं होतं, तीन पायांचं हरीण आतल्या बाजूला जाईल असं. काकू भांडी घेऊन आत गेल्या तेव्हा मी एका दमात सगळं बोलून टाकलं. तो सत्कार खरा नव्हता. किचकट लिहिणाऱ्याची आम्ही अशी चेष्टा करतो. बुधवारी प्रोग्राम असाच राहिला तर कठीण आहे. कल्पना माझी होती.

काकांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दुधीपण?"

"दुधीपण, काका."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर आपण रडणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा, असं वाटून मी ते गिळलं.

"बरं," ते म्हणाले. "पण वाचलंत ना तुम्ही? भाषणात एवढं सगळं सांगितलंस, म्हणजे वाचलं तर असणारच."

इथे मी खोटं बोलू शकले असते. लीडरने वाचलं होतं, त्या दोघांनी वाचलं होतं. "मी पहिली दोन पानं वाचली," मी म्हटलं. "बाकीचं त्यांनी सांगितलं, त्यावरून भाषण लिहिलं."

चेष्टा ऐकून त्यांचा चेहरा पडला नव्हता, तो आता पडला. ते उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, ते आता बाहेर येणार नाहीत आणि मी निघावं हेच बरं. मी चपला शोधत होते तेवढ्यात ते आले. हातात प्रिंटरच्या, भोकंवाल्या कडांच्या कागदाची लांबलचक घडी, एकवीस पानं. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उलगडली.

"बस," ते म्हणाले. "वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. तिसऱ्या पानावर अडले. विचारलं, हे असं का? काका म्हणाले, आमच्या जुन्या मशीनमध्ये जागाच नसायची. एकेक अक्षर वाचवावं लागायचं, म्हणून एका अक्षरात तीन गोष्टी ठेवायची सवय लागली. सांगता सांगता ते थांबले. "आता जागा आहे, नाही का?" त्यांनी स्वतःच पेन्सिल घेऊन अर्ध्या पानावर काट मारली. पाचव्या पानावर पुन्हा तेच. सातव्यावर त्यांना स्वतःलाच आठवेना, की असं का लिहिलं. दोनदा वाचलं, आणि हसले. "छे! हे तर नुसतं दाखवायला." सव्वीस वर्षांची कारागिरी ते आपल्या हाताने खोडत होते, आणि मी ती मोठ्याने वाचत होते. मला ते बघवत नव्हतं. पण ते थांबत नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आवाज मोकळा होत चालला होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांनी हातानेच त्यांना थांबवलं. "थांब. वाचतेय ती."

अकराव्या पानावर छत्री आली. म्हणजे तो मागे फिरणारा भाग, ज्यावर मी सगळ्यात मोठा हशा मिळवला होता. सगळ्या बसच्या याद्या तयार झाल्यावर प्रोग्राम परत पहिल्यापासून निघत होता, आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव जिच्यात लिहितात त्या फाटकावरच्या वहीपर्यंत जात होता, पुन्हा याद्यांपाशी येत होता, पुन्हा वहीकडे.

"हे खोडायचं?" मी विचारलं.

"हे नाही," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मानेसरला एका संध्याकाळी पाळी सुटली, बसेस भरून निघून गेल्या आणि फाटकावर दोन माणसं उभी राहिली. त्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. एकाला जादा कामासाठी दोन तास थांबवून घेतलं होतं, म्हणून त्याचं नाव त्याच्या पाळीच्या बसमधून काढलं होतं आणि दोन तासांनी सुटणाऱ्या पाळीच्या बसमध्ये घातलं नव्हतं. दुसरा त्या दिवसापुरता शेजारच्या कारखान्यातून मदतीला आणलेला, त्याला पाळीच नव्हती. गार्ड म्हणाला, नाव नाही तर बस नाही. काका त्यांच्याबरोबर हायवेपर्यंत चालत गेले आणि तिघं शेअर ऑटोला लटकून गुडगावला आले. म्हणून आत आलेल्या प्रत्येक माणसाला बाहेर जायला बस मिळाली की नाही, हे प्रोग्राम परत परत जाऊन बघत होता.

मला इतकी लाज वाटली, की मी कागदावरून नजर वर केली नाही. अकरा हुशार माणसांना त्या दोघांची आठवण नव्हती, आणि ज्याला होती त्याची आम्ही टेबलं बडवून टर उडवली होती.

"हे ठेवायचं," मी म्हटलं. "आहे तसं. बुधवारी मी सांगते साहेबांना."

"ठेवायचं, पण असं नाही," काका म्हणाले. "चूक आहेच त्यात. हे माझ्याशिवाय कुणाला कळतंय? उद्या मी नसलो आणि कुणी म्हणालं, हा काय घोळ आहे, काढून टाका, तर ते दोघं परत फाटकावर." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "तू लिही. सोपं लिही. मी वाचतो."

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. पाळीच्या यादीतलं एकेक नाव घ्यायचं, त्याला बस मिळाली का बघायचं, नसेल तर रिकामी जागा शोधायची, त्याला तिथे बसवायचं. चार ओळी झाल्या. इतकं स्वच्छ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं. काकांनी कागद आपल्याकडे ओढला. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेले आणि बोट तिथेच राहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणालाही कळेल. पण तू पाळीच्या यादीतून निघालीस. त्या दुसऱ्याला पाळीच नव्हती गं."

मी पहिली ओळ खोडली आणि फाटकावरच्या वहीपासून पुन्हा लिहायला घेतलं.